'जोहर मेहमूद इन गोवा' : न फुटलेले हसू
(द्वितीय वर्ष, कला)

युद्ध आणि विनोद यांचा मेळ बसतो काय, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. तो बसतो. पहिले महायुद्ध संपण्यापूर्वीच, १९१८ च्या ऑक्टोबरात, चार्ली चॅप्लिनचा 'शोल्डर आर्म्स' हा खंदकातल्या सैनिकावरील मूकपट पडद्यावर आला आणि लोक पोट धरून हसले. तेव्हा विषय गंभीर होता म्हणून विनोद फसला, ही सबब चालणार नाही.

आपल्याकडे असा प्रयत्न आय. एस. जोहर यांनी १९६५ साली केला. गोव्यातील पोर्तुगीज राजवट, तिच्याविरुद्धचा लढा, आणि त्यात सापडलेले दोन विनोदवीर, म्हणजे स्वतः जोहर आणि मेहमूद. आम्ही पाच-सहा जणांनी हा चित्रपट खोलीवर मोबाईलवर पाहिला. अर्ध्या तासात दोघे मेसच्या डब्याकडे वळले. उरलेले गाण्यांसाठी थांबले.

असे का व्हावे? भरतमुनींनी हास्यरसाच्या कारणांत विकृत वेष सांगितला आहे. त्याची येथे वाण नाही. वेषांतरे आहेत, पळापळ आहे, फजिती आहे. नाही ती भीती. चित्रपटातला पोर्तुगीज अधिकारी म्हणजे ज्वारीच्या रानातले बुजगावणे. त्याला कोणीही फसवावे. मग फसवणाऱ्याचे कौतुक ते काय?

आमच्या आजीला तिच्या सासूने सांगितलेली एक हकीकत येथे आठवते. रझाकारांच्या काळात गावातली माणसे रात्री रानात जाऊन झोपत. एका रात्री कडब्याच्या गंजीमागे काहीतरी खसखसले आणि सगळे गाव अनवाणी ओढ्यापर्यंत पळाले. "काळजाचं पाणी झालं व्हतं बघ, अन् निघाली ती पाटलाची म्हैस!" हे ऐकून घरात आजही सगळे हसतात. बीड जिल्हा निजामाच्या राज्यातून १७ सप्टेंबर १९४८ रोजी सुटला, पण त्या पळण्यातली भीती खरी होती, म्हणून म्हशीचे हसू येते. भीती काढून घेतली, तर उरते नुसती म्हैस.

गोव्यातली भीतीही खरीच होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यात वीसहून अधिक माणसे गेली. सांगलीचे मोहन रानडे त्याच वर्षी पकडले गेले. त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पण रानडे लिस्बनजवळच्या तुरुंगातच राहिले. ते सुटले १९६९ च्या जानेवारीत. म्हणजे १९६५ साली थिएटरात पोर्तुगीजांची टिंगल चालू असताना हा माणूस पोर्तुगालमध्ये कोठडीत बसलेला होता. हे कळल्यावर तर चित्रपट पुन्हा पाहवेना.

एक मित्र म्हणाला, "अरे, करमणुकीचा चित्रपट आहे, इतिहासाचे पुस्तक नव्हे." मान्य. पण त्याच १९६५ सालचे वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' घ्या. तीही निव्वळ करमणूकच. त्यात राजा आहे, कोतवाल आहे, दादा कोंडक्यांचा हवालदार आहे. तो कोतवाल प्रेक्षकाने कचेरीत पाहिलेला असतो, त्याच्यापुढे हात जोडलेले असतात. म्हणून टोला बसतो. जोहर यांचा पोर्तुगीज मात्र कोणत्याही हिंदी चित्रपटातला खलनायक होऊ शकला असता. टोपी बदलली की झाले.

वास्तविक या युद्धात विनोदाची सामग्री कमी नव्हती. गोव्यातल्या पोर्तुगीज सैन्याने रणगाडाविरोधी दारूगोळा मागवताना सांकेतिक शब्द वापरला 'शोरिसो', म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज. आणि लिस्बनहून खरोखरच सॉसेज आले, अशी एक कथा सांगितली जाते. ती पदरची असली तरी तिच्यात घाबरलेले सैनिक आहेत, दूर बसलेले सरकार आहे आणि मध्ये हे खोके आहे. चॅप्लिनने याचे काय केले असते!

जोहर काही सामान्य नट नव्हते. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'तला (१९६२) त्यांचा गासिम, तो वाळवंटात मागे राहिलेला माणूस, थोडाच वेळ दिसतो, पण विसरता येत नाही. त्यामुळे येथे निराशा अधिक होते. गाणी मात्र जरूर ऐकावीत. कल्याणजी-आनंदजींनी आपले काम चोख केले आहे.