वयस्तंभिनी विद्या आणि यंत्रदेह

रत्नागिरीजवळच्या एका आमराईत काही दिवस मुक्काम असताना तेथील वृद्ध वासनिकांनी दोन प्रश्न विचारले. त्यांच्या छातीत हृदयाचा ठोका सांभाळणारे यंत्र, म्हणजे पेसमेकर, बसविलेले आहे. त्याची बॅटरी संपत आली होती. "बाबा, ती बदलून घेणे हा देहाचा मोह ठरेल काय?" हा पहिला प्रश्न. दुसरा त्यांच्या मुलाकडून आला होता. तो संगणकाच्या व्यवसायात आहे. वडिलांचा आवाज, आठवणी, बोलण्याची ढब यंत्रात साठवून ठेवावी, म्हणजे बाबा कायमचे राहतील, असे त्याचे म्हणणे. अण्णांनी विचारले, "तसा मी खरेच राहीन का?" या दोन प्रश्नांच्या निमित्ताने शास्त्राचा विचार करावयाचा आहे.

देह टिकविण्याची इच्छा नवी नाही. लीळाचरित्राच्या एकांकात उधळीनाथ नावाच्या योग्याकडून सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी वयस्तंभिनी विद्या स्वीकारल्याची लीळा आहे. वय थांबविणारी ती विद्या. परमेश्वराला तिची गरज ती काय? मला वाटते, देणाऱ्याचा भाव राखण्यासाठीच तो स्वीकार होता. मात्र सूत्रपाठातील आचारप्रकरण पाहावे. तेथे स्मरण आहे, अटन आहे, भिक्षा आहे, विजन आहे, स्वदेशाचा व संबंधियांचा त्याग आहे. वय थांबविण्याचा विधी साधकाला सांगितलेला नाही. उलट देशाच्या टोकाशी, झाडाच्या आश्रयाने आयुष्य वेचावे, असा रोख आहे. (रत्नागिरीकरांना टोकही जवळ आणि झाडेही पुष्कळ, हा त्यांचा भाग्ययोग!)

आता यंत्राचे. 1958 साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन नावाच्या रुग्णाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसविला गेला. तो काही तासच चालला. पुढे एकामागून एक अशी यंत्रे बदलत ते गृहस्थ 2001 पर्यंत जगले, वयाच्या 86 व्या वर्षी गेले, आणि तेही हृदयविकाराने नव्हे, कर्करोगाने. आयुष्यभरात त्यांना सव्वीस यंत्रे लागली. सव्वीस यंत्रे आली, गेली. त्यांतील एकही लार्सन नव्हते. अंगावरचे वस्त्र विरले की दुसरे घ्यावे, तसा हा प्रकार. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. अण्णांनी बॅटरी खुशाल बदलावी. नरदेह हे साधनाचे स्थान आहे. औषध घेऊन तो राखण्यात दोष नाही.

दुसरा प्रश्न कठीण, कारण आज पश्चिमेकडील काही विद्वान देह दुरुस्त करण्यावर थांबत नाहीत. मन यंत्रात उतरवून मनुष्याने अमर व्हावे, असे ते उघड म्हणतात. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने मानेखाली पंगू झालेल्या मनुष्याच्या मेंदूत यंत्र बसविले. केवळ विचाराने तो संगणकाचा बाण हलवू लागला. त्या पंगू मनुष्याला मिळालेला दिलासा मोठा आहे, त्याची टवाळी कोणी करू नये. परंतु येथून अमरत्वाकडे जी उडी मारली जाते, ती आपल्या शास्त्रात टिकत नाही.

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न आहेत. पंचमहाभूते व त्रिगुण असा अष्टधा प्रपंच जड आहे. यंत्रातील धातू प्रपंचच, आणि ज्याला मन म्हणतो तेही प्रपंचाचेच कार्य. मनाची नक्कल यंत्रात गेली, तर प्रपंचातून प्रपंचात गेली. जीव त्यात आला, हे कशावरून?

येथे अण्णांनी आपल्या धंद्यातील दाखला दिला. "बाबा, हापूसचे कलम पाहा. रायवळ आंब्याची कोय रुजवायची, कोवळ्या रोपाचा शेंडा छाटून त्यात हापूसच्या काडीची पाचर बसवायची, पट्टी बांधायची. जुने झाड भिरुडाने मेले तरी हापूस पिढ्यान् पिढ्या तोच." दाखला उत्तम आहे, पण तो त्यांच्याच विरुद्ध जातो. एका झाडाच्या शंभर काड्यांची शंभर कलमे होतात. जुन्या झाडातील जीव काडीबरोबर गेला म्हणावे, तर शंभरांपैकी कोणत्या काडीत? जीवाचे तुकडे होत नाहीत. जाती टिकली, गोडी टिकली. ते झाड मात्र गेले. अण्णांच्या आवाजाची यंत्रेही शंभर करता येतील. मुलाने कोणत्या यंत्राला बाबा म्हणावे?

याहून स्पष्ट उदाहरण आपल्या संप्रदायाच्या मुळाशीच आहे. द्वारावतीस श्रीचांगदेव राऊळांनी देह ठेवला आणि भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव याचा मृत देह परमेश्वराने स्वीकारला. अवतार घेण्याच्या गर्भींचा, पतित व दवडणे या तीन प्रकारांतील हा पतित प्रकार. विशाळदेवांना वाटले, मुलगा उठला. कमळाइसांना वाटले, पती परतला. चेहरा तोच, देह तोच, घर तेच. परंतु हरिपाळाचा जीव आपल्या कर्मानुसार निघून गेला होता. तेथे देह जुना व आतील नवा. येथे यंत्र नवे व बोलणे जुने. भडोचच्या घरात निदान परमेश्वर उभा होता. यंत्राच्या पलीकडे कोणीही नाही, आणि घरातील माणसे त्याच्याशी बोलत बसणार.

समजा, उद्या यंत्राच्या साह्याने हजार वर्षे जगता आले. तरीही ते देवताफळासारखेच. देवतांच्या लोकींचे भोगही दीर्घ असतात, पण पुण्य सरले की सरतात. देवता स्वतःच नित्यबद्ध. त्या मोक्ष देऊ शकत नाहीत, मग जड यंत्र काय देणार? शिवाय मूळ घोटाळा निराळाच आहे. जीव नित्यच आहे; तो मरतो कधी? त्याला चिकटलेली आहे ती अनादि अविद्या, आणि तिचा छेद परमेश्वरावाचून होत नाही. हजार वर्षांच्या आयुष्याने अविद्याही हजार वर्षे जगते, एवढेच.

अण्णांनी बॅटरी बदलून घेतली. आवाज साठविण्यास त्यांनी मुलाला नकार दिला नाही, छायाचित्र काढू देतात तसे दिले; फक्त त्यात आपल्या तोंडचे नामस्मरण घालू नये, ते ज्याचे त्याने करावे, असे बजावले. ही अट त्यांची स्वतःची, मी सुचविलेली नाही.

दवडणे या प्रकारात जीवाला देहातून दूर सारले जाते. तो देह सोडून गेलेल्या जीवाची गती काय, हा प्रश्न याच चर्चेत एका तपस्विनीने काढला. त्याचा विचार पुढील अंकी करू.