मुदत चुकते वकिलाची, जमीन जाते पक्षकाराची

दिवाणी बाजूला काम करताना, विशेषतः दुसऱ्यांकडून आलेल्या फायली चालवताना, पटत गेलेल्या काही गोष्टी नव्याने सनद घेतलेल्या मुलामुलींसाठी लिहितो आहे.

१. पहिला प्रश्न एकच विचारा : बेलिफ कधी आला होता? कैफियतीचे ३० दिवस समन्स बजावल्यापासून मोजतात, वकीलपत्र घातल्यापासून नव्हे. पक्षकार आधी भावकीत बसतो, मग गावातल्या जाणत्याला विचारतो आणि मग तुमच्याकडे येतो. तोवर निम्मी मुदत संपलेली असते.

२. मुदतवाढ धरून कैफियतीला असलेली ९० दिवसांची मर्यादा बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू या निकालात म्हटलं, हे बाररूममध्ये सगळ्यांना पाठ आहे. मुदतवाढ अपवाद म्हणूनच आणि कारणं लेखी नोंदवूनच द्यावी, हे त्याच निकालात आहे. ते कुणी सांगत नाही. व्यापारी दाव्यात तर १२० दिवसांनंतर दार बंद. तिथे न्यायाधीशांच्याही हातात काही उरत नाही.

‘विना कैफियत’ हुकूम झालेली एक फाइल माझ्याकडे आली होती. प्रतिवादीच्या घरी जुने फेरफार, सातबारे, शेतसाऱ्याच्या पावत्या, सगळं जपून ठेवलेलं. पण कैफियतच नाही, तर ते कोणत्या बचावाच्या आधारे दाखल करणार? वादीचा उलटतपास घेता येतो, आपली बाजू मात्र मांडता येत नाही. त्या माणसाने पेशीची एकही तारीख चुकवली नव्हती. दर वेळी तो कोर्टाच्या व्हरांड्यात हजर असायचा.

३. पक्षकार वारला की ९० दिवसांत वारस लावा. नाहीतर त्याच्यापुरता दावा अ‍ॅबेट होतो. मग ते अ‍ॅबेटमेंट रद्द करून घ्यायला ६० दिवस, आणि तेही गेले की विलंब माफीचा अर्ज. मृत्यूची खबर कोर्टाला देणं ही वकिलाची जबाबदारी आहे, हे ऑर्डर २२ नियम १०-अ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे.

४. निकाल लागला की त्याच दिवशी नक्कल अर्ज. नक्कल मिळायला लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वगळतात, अर्जच न करता घालवलेला वेळ वगळत नाहीत. आणि मुदत कायद्याचं कलम ५ अपिलाला, अर्जाला उपयोगी पडतं. मूळ दाव्याला नाही.

५. वकिलाला काय होतं? बार कौन्सिलकडे तक्रार झाली, तर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली ताकीद, निलंबन किंवा सनद रद्द होऊ शकते. मे २०२४ पासून ग्राहक आयोगाचा रस्ता पक्षकाराला बंद झाला आहे. १९८१ च्या रफिक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपील पुन्हा चालवायला लावलं आणि खर्चाची रक्कम गैरहजर राहिलेल्या वकिलाकडून वसूल करायला सांगितली. मला हा हुकूम फार न्याय्य वाटतो. पण १९९३ मध्ये सलिल दत्त प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावलं, की वकिलाची चूक म्हणून पक्षकार दर वेळी सुटेलच असं नाही.

६. मुदत हुकली तर त्याच दिवशी पक्षकाराला बोलावून सांगा. विलंब माफीच्या अर्जात त्याच्या नावावर खोटं आजारपण घालू नका. शपथपत्रावर सही त्याची असते. चूक कार्यालयाची असेल, तर स्वतःचं शपथपत्र द्या आणि कॉस्ट स्वतःच्या खिशातून भरा.