बालकांचा रक्ताचा कर्करोग व डॉ. सिडनी फार्बर यांचे संशोधन

मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळले की शेजारीपाजारी एकच वाक्य बोलतात, "आता इलाज नाही." १९४७ सालापर्यंत हे वाक्य खरे होते. तीव्र ल्युकेमिया झालेले मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत दगावत असे. हे वाक्य खोटे ठरण्याची सुरुवात कशी झाली, ते प्रस्तुत लेखात आम्ही सांगणार आहोत. विद्यार्थी मित्रांनी हे विशेष लक्षपूर्वक वाचावे, कारण ही सुरुवात एका फसलेल्या उपचारातून झाली आहे.

त्यासाठी आधी मुंबईकडे वळावे लागेल. १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईस आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणारा एक विशिष्ट पंडुरोग हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. यीस्टपासून बनणारा मार्माइट हा स्वस्त पदार्थ खाऊ घातल्यास या स्त्रियांचे रक्त भरून येते, असे त्यांना आढळले. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. मार्माइटमधील तो गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. गिरणीतल्या बायांच्या फिकट चेहऱ्यांपासून निघालेला हा धागा अमेरिकेतील बोस्टनपर्यंत पोहोचला, याची आठवण परळ-लालबागेतही फारशी कोणी काढत नाही.

डॉ. सिडनी फार्बर (१९०३–१९७३) हे बोस्टनच्या बालरुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ होते. मृत बालकांचे शवविच्छेदन करून रोगाचे कारण शोधणे हे त्यांचे काम. ते ज्यू होते. त्या काळी अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालये ज्यू विद्यार्थ्यांना मोजूनमापून प्रवेश देत. म्हणून फार्बर यांनी वैद्यकीय शिक्षणाचा आरंभ जर्मनीत केला व नंतर हार्वर्डला प्रवेश मिळविला. आमच्या वाचकांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

फॉलिक आम्लाने पंडुरोग्याचे रक्त सुधारते, तर ल्युकेमियातही सुधारेल, असा विचार करून त्यांनी आजारी मुलांना त्याच जातीची द्रव्ये दिली. परिणाम उलटा झाला. अस्थिमज्जेतील कर्कपेशी अधिकच वेगाने वाढू लागल्या. फार्बर यांनी हे दडविले नाही. त्यांनी प्रश्नच उलटा केला. ज्या अन्नाने कर्कपेशी वाढतात, ते अन्नच तोडले तर?

त्यासाठी फॉलिक आम्लाचे विरोधी द्रव्य हवे होते. ते लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेतून आले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. बोस्टनला गेलेल्या या माणसाला हार्वर्डने कायम प्राध्यापकपद दिले नाही. त्यांच्या चमूने बनविलेले अमिनोप्टेरिन हे द्रव्य दिसायला हुबेहूब फॉलिक आम्लासारखे असते. चुकीची किल्ली कुलपात अडकून बसावी, तसे ते पेशीतील एन्झाइममध्ये अडकते. मग पेशीला नवे डी.एन.ए. बनविता येत नाही. भराभर विभागणाऱ्या कर्कपेशींवर याचा घाव सर्वांत आधी बसतो.

(येथे गैरसमज नको. गरोदर मातांना मिळणाऱ्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या आवश्यक आहेत. त्या बंद करू नयेत.)

३ जून १९४८ रोजी फार्बर यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. १६ मुलांपैकी १० मुलांना उतार पडला होता. अंथरुणाला खिळलेली मुले पुन्हा हिंडूफिरू लागली. पण रोग उलटला. शोधनिबंधाच्या शीर्षकातच 'तात्पुरता' हा शब्द होता. आम्हांस या एका शब्दाचे मोल फार वाटते. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर विजयाची दवंडी पिटून मोकळा झाला असता. सुब्बाराव मात्र पुढचे काही पाहू शकले नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे एकाऐवजी अनेक औषधे एकत्र देण्याचे प्रयोग झाले. १९६० च्या दशकाअखेर मेम्फिस येथे डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी सुमारे निम्मी मुले कायमची बरी करून दाखविली. आज श्रीमंत देशांत लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या दहापैकी सुमारे नऊ मुले वाचतात.

आपल्याकडे हे प्रमाण कमी आहे. औषध नाही म्हणून नव्हे. मूल उशिरा आणले जाते, किंवा उपचार मध्येच सुटतात. मूल पांढरेफटक पडणे, हटवादी ताप, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, हाडे दुखणे अशी लक्षणे दिसली तर टॉनिकवर महिने घालवू नयेत. साधी रक्ततपासणी करावी.

उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच मूल खेळू लागते. मग मजुरी बुडते, मुंबईत राहायला जागा नाही, म्हणून आईबाप गावी परततात ते परततातच. नेमक्या त्या काळात अमिनोप्टेरिनचेच भावंड असलेले मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. ते चुकले की १९४८ प्रमाणे रोग उलटतो. परळच्या टाटा रुग्णालयात समाजसेवा विभाग आहे. राहण्याची व खर्चाची अडचण असल्यास तेथे पहिल्याच दिवशी जावे, घरदार गहाण टाकल्यानंतर नव्हे.