परक्या गावी पाहुणा म्हणून जाताना

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार असते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. बाहेरची माणसं येतात, उडणारे दगड मोबाईलवर टिपतात आणि संध्याकाळी निघून जातात. त्यांच्या व्हिडिओत चंडीमातेची पूजा नसते, जखमी पोराच्या घरची काळजी नसते आणि आपल्या संत्र्याच्या बागा तर नसतातच. हे आपल्याला खुपतं. म्हणूनच परदेशी जाताना एक गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवी : आपण जे बघायला जातो, ते कुणाचं तरी राहतं गाव असतं.

उदाहरण म्हणून इटलीतलं व्हेनिस घेऊ. पाण्यावर वसलेल्या या जुन्या शहरात १९५१ च्या सुमारास पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. यामागचं एक मोठं कारण म्हणजे पर्यटन. घरं पर्यटकांना भाड्यानं देणं जास्त परवडू लागलं आणि गावातल्या माणसाला राहणं महाग झालं. शेवटी २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांकडून ५ युरो प्रवेशशुल्क घेणं सुरू झालं. त्याच वर्षी वाटाड्यासोबतच्या गटात २५ पेक्षा जास्त माणसं नकोत आणि ध्वनिवर्धक नको, असेही नियम झाले.

अशा शहरात कसं वागायचं?

१. निघण्याआधी : शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान १५ दिवस आधी तरी तो करावाच लागतो. शुल्काचे दिवस शहराच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. जमल्यास तिथं मुक्काम करा. धावती भेट देणाऱ्यांमुळे गर्दी वाढते, पण गावाच्या हाती फारसं काही लागत नाही.

२. बोलताना : दुकानात शिरताच 'बुऑनजोर्नो' म्हणा, निघताना 'ग्रात्सिये'. आपल्याकडे रामराम केल्याशिवाय कामाचं बोलणं सुरू होत नाही, तसंच हे.

३. रस्त्यात : गल्ल्या अरुंद आहेत. उजव्या बाजूनं चाला, फोटोसाठी पूल अडवू नका. सान मार्को चौकात पायऱ्यांवर बसून डबा उघडणं, कबुतरांना दाणे टाकणं, कालव्यात उतरणं, या सगळ्यांना दंड आहे. प्रवासी बोटीत पाठीवरची बॅग काढून हातात धरा. ती बोट म्हणजे तिथल्या लोकांची रोजची बस आहे.

४. चर्चमध्ये : खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. मिस्सा चालू असेल तर फिरू नका, फोटो काढू नका. जामसावळीच्या हनुमान मंदिरात आपण जी मर्यादा पाळतो, तीच तिथंही.

५. खाताना : हॉटेलच्या बिलात 'कोपेर्तो' नावाची माणशी रक्कम असते. ती तिथली रीत आहे, फसवणूक समजून भांडू नका. कॉफी उभ्यानं प्यायली तर स्वस्त पडते, टेबलावर बसलात की महाग. सार्वजनिक नळांचं पाणी पिता येतं, तेव्हा स्वतःची बाटली भरून घ्या. तिथला कचरा हातगाडीनं आणि होडीनं न्यावा लागतो, म्हणून तो कमीच करा.

कुणी म्हणेल, 'एवढे पैसे खर्चून गेलो, मग ही बंधनं कशाला?' तिकिटाच्या पैशात आपल्याला प्रवास मिळतो. गाव विकत मिळत नाही.

स्वाध्याय : पांढुर्णा किंवा सौंसरला पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्यासाठी पाच सूचना लिहा. लिहून झाल्यावर, त्यातल्या किती सूचना तुम्ही स्वतः दुसऱ्या गावी पाळता, तेही प्रामाणिकपणे तपासा.