दीर्घ पदयात्रेचा पहिला दिवस : अध्वजन्य श्रम व पादरक्षण

पदयात्रेस निघणारी व्यक्ती वैद्याकडे येते ती बहुधा ‘शक्तीचे काहीतरी द्या’ एवढीच मागणी घेऊन. वारी व नर्मदा परिक्रमा यांच्या जोडीला आता युरोपातील ‘कामिनो’ या यात्रामार्गावरही भारतीय पदयात्री जाऊ लागले आहेत. अशा यात्रेत पहिल्या दिवशी झालेली इजा पुढील सर्व दिवस सोबत चालते. म्हणून पोर्तुगालमधील पोर्तोपासून समुद्रकाठाने स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेलापर्यंत जाणाऱ्या सुमारे २८० कि.मी. मार्गाचा पहिला दिवस प्रस्तुत लेखात उदाहरणादाखल घेतला आहे.

देश व काल : पोर्तोच्या मुख्य चर्चपासून दोरू नदीच्या मुखाकडे, तेथून मातोझिन्युश, लेसा नदीवरील पूल, बोआ नोव्हाचे दीपगृह, लाब्रुज आणि अखेर व्हिला दो कोंदे असा हा टप्पा आहे. एकूण अंतर सुमारे ३३ ते ३५ कि.मी. भरते. शहरात दगडी फरसबंदी, तर पुढे वाळूच्या टेकड्यांवर घातलेल्या लाकडी फळ्यांची वाट लागते. चढ फारसे नाहीत, त्यामुळे टप्पा सोपा वाटतो. धोका नेमका तेथेच आहे. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर उत्तरेकडून ‘नोर्ताद’ नावाचा गार वारा वाहतो व तो यात्रेकरूस समोरून लागतो. घाम लागलीच सुकत असल्याने ऊन व तहान यांची जाणीव उशिरा होते.

हेतुविचार : अतिअध्व हे वातप्रकोपाचे कारण होय. त्यास शीत वाऱ्याची, कठीण पृष्ठभागाची व पाठीवरील भाराची जोड मिळते. बुटात शिरलेली वाळू व पायाचा घाम यांमुळे घर्षण वाढून त्वचेवर स्फोट, म्हणजे फोड, येतात.

मात्रा : सुश्रुतांनी व्यायामाची मर्यादा बलार्ध सांगितली असून श्वास मुखाने घ्यावा लागणे हे तिचे लक्षण मानले आहे. रोज पाच-सहा कि.मी. चालणाऱ्यास ३५ कि.मी. हे बलार्धाच्या पलीकडचे होय. अशा व्यक्तीने मातोझिन्युशपर्यंत मेट्रोने जाऊन तेथून चालण्यास आरंभ करावा व लाब्रुज येथे मुक्काम करावा; अंतर निम्म्याहून कमी होते. यात्रापूर्तीच्या प्रमाणपत्रासाठी सांतियागोपूर्वीचे किमान १०० कि.मी. चालणे आवश्यक असते. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या या सवलतीने काही गमावत नाही, हे रुग्णास आवर्जून समजावून सांगावे.

पादरक्षण : वाग्भटांनी अभ्यंगात शिर, कर्ण व पाद यांस विशेष स्थान दिले आहे. मुक्कामी पाय धुऊन, कोरडे करून तिळतेलाने पादाभ्यंग करावा. सकाळी तेलाचा अंश पुसून कोरडे मोजे घालावेत. वाटेत एखादी जागा चुरचुरू लागताच थांबून वाळू झटकावी व तेथे चिकटपट्टी लावावी. लहान फोड फोडू नये. उघड्या जखमेवर तेल लावू नये. लाली पसरणे, पू किंवा ज्वर दिसल्यास स्थानिक डॉक्टरांकडे जावे.

आहार : चरकोक्त श्रमहर महाकषायातील द्राक्षा, खर्जूर व दाडिम ही फळे वाटेत सहज चालतात. पाणी थोडे थोडे, तहानेनुसार घ्यावे. बळेच अतिप्रमाणात पिऊ नये.

मधुमेही रुग्ण : निघण्यापूर्वी पायाची संवेदना तपासावी. संवेदना कमी असल्यास फोड कळतही नाही. म्हणून रोज आरशात तळवे पाहण्यास सांगावे. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास चालण्याने साखर एकाएकी उतरू शकते. मात्रेतील बदल चिकित्सा करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा व खिशात साखर असावी. छातीत दुखणे, भोवळ वा असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसताच चालणे थांबवावे. पोर्तुगाल व स्पेन या दोन्ही देशांत आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

औषधविक्रेत्यांसाठी : युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ सोबत नेता येत नाहीत. त्यामुळे शतधौत घृत किंवा सिद्ध घृते यात्रेच्या पेटीत घालू नयेत, तैलकल्प निवडावेत. धातु-खनिजयुक्त कल्पही देऊ नयेत. प्रत्येक औषध मूळ वेष्टनात, नावाच्या चिठ्ठीसह व वैद्यांच्या लेखी पत्रासह द्यावे.

सारांश, यात्रेकरूस बल्य औषधाहून अधिक गरज आहे ती मात्रेच्या उपदेशाची. पहिल्या दिवशी थोडे चालणारा शेवटच्या दिवशीही चालत असतो, एवढे त्याच्या मनावर बिंबवता आले तरी वैद्याचे निम्मे कार्य साधले.