किनाऱ्याने पायी निघताय? पाण्यासकट सहा किलो पुरे

अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड, मग खाडी ओलांडून दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. सॅक पाठीला लावून ही वाट चालायची, तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या: ही सह्याद्रीतली घाटवाट नाही. इथे थोडे चाललात की गाव येते, गावात टपरी असते आणि बहुतेक ठिकाणी मुक्कामाची खोलीही. त्यामुळे वजन कमी करायला महागडे हलके सामान विकत घेऊ नका. काय घरी ठेवायचे ते ठरवा, त्याला पैसे पडत नाहीत.

निघण्याआधी भरलेली सॅक वाण्याच्या किंवा रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवा. त्यासाठी वेगळा काटा घ्यायची गरज नाही.

सगळ्यात मोठी बचत तंबूत आहे. दोघांचा साधा तंबू दोन-अडीच किलोंचा, स्लीपिंग बॅग एक ते दीड किलोची, शिवाय मॅट, गॅसचा स्टोव्ह, भांडी. पाच किलो इथेच झाले. भाड्याने घेतलात तर दिवसाचा दर कमी वाटतो, पण तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. अनामत किती? नेण्या-आणण्याचे दिवस भाड्यात धरता का? वाळू लागलेला, ओला तंबू परत केला तर धुण्याचे किती कापता? समुद्रकाठी हे शेवटचे कलम हमखास लागू पडते. त्यात सुरूच्या बनात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, परवानगी लागते. खाजगी वाडीत ठोकलात तर जागेचे, कधी संडास-बाथरूमचेही वेगळे पैसे द्यावे लागतात.

त्यापेक्षा खोली घ्या. आठवड्याच्या मधल्या दिवशी दोघांची साधी खोली साधारण हजार-दीड हजारात मिळते. शनिवारी आणि सलग सुट्ट्यांत हाच आकडा दुप्पट होऊ शकतो, म्हणून रविवारी दुपारी चालायला सुरुवात करा. फोनवरच विचारून घ्या: गरम पाणी दरात आहे का, जादा गादीचे किती, चादर मिळते का. चादर मिळत असेल तर तुमची घरी राहू द्या. कागदपत्रांत मूळ आधार किंवा मतदार ओळखपत्र पुरते. झेरॉक्स द्यायची वेळ आली तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे आधार द्या.

जेवणाची शिदोरीही नको. शाकाहारी ताट साधारण दीडशे-दोनशेपासून. माशाच्या ताटाचा दर मासा ठरवतो, तेव्हा सुरमई-पापलेट मागवण्याआधी तुकड्याचा भाव विचारा, सोलकढी ताटात धरली आहे का तेही. दिवेआगर-श्रीवर्धनकडे घरगुती जेवण सांगितल्याशिवाय मिळेलच असे नाही. सकाळीच फोन करा. सॅकमध्ये चिक्की, शेंगदाणे आणि ओआरएसच्या दोन पुड्या एवढेच असू द्या.

पाणी म्हणजे लिटरला एक किलो, त्यात सूट नाही. एका वेळी एकच लिटर घ्या आणि गावागावात भरून घ्या. जड स्टीलच्या बाटलीऐवजी साधी प्लास्टिकची चालेल. दर थांब्याला वीस रुपयांची नवी बाटली घेतलीत तर दिवसाचे ऐंशी रुपये सहज जातात. क्लोरीनच्या गोळ्या त्याहून स्वस्त पडतात. उन्हाच्या पट्ट्यात मात्र, विशेषतः फणसाडच्या जंगलाकडे वळणार असाल तर, दोन लिटर घ्याच. इथे वजन वाचवू नका.

कपडे दोन जोड: एक अंगावर, एक सॅकमध्ये. जीन्स नकोच. कोरडी असताना पाऊण किलोची, आणि खाऱ्या दमट हवेत वाळता वाळत नाही. टॉवेलऐवजी पंचा घ्या. जाड ट्रेकिंग बुटांऐवजी रोजचे धावायचे बूट चालतात. शाम्पू, साबण, टूथपेस्ट वाटेत वाण्याकडे छोट्या पुड्यांत मिळते. सॅक तीस-पस्तीस लिटरचीच घ्या. मोठी घेतलीत की ती भरते. रेनकव्हरवर खर्च करू नका, आत कचऱ्याची जाड मोठी पिशवी लावा.

मुंबईहून येताना गेटवे–मांडवा बोटीचे तिकीट काढताना अलिबागपर्यंतची बस त्यातच आहे का ते पाहा. असेल तर मांडव्याला रिक्षाचे पैसे देऊ नका. ही बोट आणि जंजिऱ्याची होडी, दोन्ही पावसाळ्यात बंद असतात. आगरदांडा–दिघी फेरीबोटीत पायी प्रवाशाला फार थोडे पैसे पडतात, सुटे जवळ ठेवा. जंजिऱ्याला जाताना सॅक मुरूडच्या खोलीवर ठेवून जा. हलत्या होडीतून किल्ल्याच्या पायरीवर पाय टाकताना पाठीवर ओझे असणे धोक्याचे आहे. परतीला एसटी: २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले आहे, जुने आकडे धरून हिशेब करू नका. महिलांना अर्धे तिकीट, पंचाहत्तरीपुढे मोफत. वयाचा पुरावा जवळ हवा.

खरेदीचा मोह वाटेवर आवरा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ पहिल्याच दिवशी घेतलीत, तर ती हरिहरेश्वरपर्यंत तुम्हीच वाहणार. कांदा हवाच असेल तर उलटे चाला, हरिहरेश्वरहून निघून अलिबागला संपवा. श्रीवर्धनची रोठा सुपारी मग वाटेत लागेल, ती पाव किलोच घ्या.