वाडीवस्तीवरील शाळा आणि तिची इमारत

शाळा म्हणजे भिंती नव्हेत, शाळा म्हणजे गुरुजी, असे वक्तृत्व स्पर्धांतून आपण पुष्कळदा ऐकतो. ते खरेच आहे. परंतु पत्र्यावर पावसाची सर कोसळू लागली की गुरुजींचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे पोहोचत नाही, हेही तितकेच खरे आहे.

आज मी पडेगावहून महाविद्यालयात येते. माझे आईवडील शाळेत गेलेले नाहीत. मी चौथीपर्यंत कन्नड तालुक्यातील एका वस्तीवर शिकले. तेथे चारही वर्ग एकाच खोलीत भरत. गळू लागले की आम्ही दप्तरे उचलून कोपऱ्यात बसत असू आणि त्या दिवशीचे गणित तेथेच थांबे. मुलींसाठी स्वच्छतागृह होते, पण पाणी नसल्यामुळे त्याला कुलूप असे. माझ्या थोरल्या बहिणीने शाळा सोडली. त्याची कारणे अनेक होती. ते कुलूप त्यांपैकी एक.

या प्रश्नाकडे शासनाचे लक्ष गेलेच नाही, असे नाही. 1987 च्या खडू-फळा मोहिमेत प्रत्येक प्राथमिक शाळेस सर्व ऋतूंत वापरता येतील अशा किमान दोन खोल्या द्याव्यात, असे ठरले. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्यानुसार प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान आणि कुंपण हवे. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक. म्हणजे लहानातल्या लहान शाळेलाही दोन खोल्या मिळाल्या पाहिजेत. जुन्या शाळांना दिलेली तीन वर्षांची मुदत 2013 सालीच संपली.

इमारत नुसती असून भागत नाही, ती मातीला साजेशी हवी. मराठवाड्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया खालच्या मुरमापर्यंत नेला नाही तर काही वर्षांतच भिंतींना तडे जातात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. तो धक्का शाळेच्या वेळेत बसला असता तर काय झाले असते? 25 जुलै 2025 रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे शाळेचे छत कोसळून सात मुले मृत्युमुखी पडली. तेथे भूकंपही नव्हता.

यावर कोणी म्हणेल की, दहापंधरा मुलांसाठी एवढा खर्च कशाला? 2023 साली आपल्या राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला. मोठ्या शाळेत सोयी अधिक असतात, हे मान्य. पण ओढ्याला पूर आला की पहिलीतले मूल पलीकडे जाणार कसे? शिवाय पट का घटतो, तेही पाहिले पाहिजे. खोली गळते म्हणून ऐपतीचे पालक मुलांना दुसरीकडे घालतात. त्यामुळे पट घटतो आणि पट कमी म्हणून दुरुस्ती होत नाही. या फेऱ्यात शेवटी मजुरांचीच मुले मागे उरतात.

म्हणून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाळेची जाणकार अभियंत्याकडून तपासणी व्हावी. धोक्याच्या खोलीत एकही दिवस वर्ग भरू नये. दुरुस्तीचा निधी केवळ पटावर न ठरता इमारतीच्या स्थितीवर ठरावा. स्वच्छतागृह बांधताना पाण्याची सोयही करावी. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदाच सांगतो. त्यांनी ग्रामसभेत हा विषय काढावा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली आपल्या शहरात महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांना तेथे चांगली वास्तू लाभली. पण महाविद्यालयाच्या पायऱ्या चढण्यापूर्वी वस्तीवरची ती खोली पार करावी लागते. मी ती पार केली. माझ्या बहिणीची मुलगी यंदा पहिलीत गेली आहे, आणि तिची शाळा तीच आहे.

— द्वितीय वर्ष, कला शाखा